ब्लॉगमुळे काय बदललं? मराठवाड्यातून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसाठी धागा

बालाघाटी

मराठी ब्लॉगांचा विषय निघाला की चर्चा ‘आता ब्लॉग वाचतंय कोण’ एवढ्यावर येऊन थांबते. त्यातून हाती काही लागत नाही. मराठवाड्यातल्या लोकांनी शेती, सणवार, बोली, शिलालेख, शाळा, पाणी यांवर ब्लॉगांत भरपूर लिहून ठेवलं आहे. त्यातलं बरंच आता सापडत नाही, काही मोडक्या अवस्थेत पडून आहे. म्हणून हा धागा. ज्याला ज्या विषयातलं कळतं त्याने नेमकं सांगावं: ब्लॉगमुळे तिथं काय बदललं, कुठं बिघडलं आणि दुरुस्त कसं करायचं.

सुरुवात मी करतो. पूर्वी आपल्याकडच्या माणसाला छापून यायचं तर वाटा मोजक्याच होत्या. रविवारची पुरवणी, दिवाळी अंक, नाहीतर एखादं नियतकालिक. गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ १९६७ पासून औरंगाबादहून निघायचं. अशा नियतकालिकांचं ऋण मोठं आहे, पण त्यांनाही पानांची, कागदाची, टपालखर्चाची मर्यादा होती. गावच्या एका बारवेवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, पाच हजार शब्द आणि चाळीस फोटो कोण छापणार?

१९९९ साली पायरा लॅब्जने ब्लॉगर सुरू केलं, २००३ मध्ये ते गूगलने घेतलं आणि त्याच वर्षी वर्डप्रेसही आलं. लेखाची लांबी लिहिणाऱ्याच्या हाती आली. वाचकाचं उत्तर लेखाच्या खालीच दिसू लागलं. आणि प्रत्येक लेखाला तारीख आणि स्वतःचा पत्ता मिळाला. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते, आणि आज तीच सगळ्यांत जास्त हरवते आहे.

गोदाकाठ

बालाघाटी दादा, यात युनिकोडची, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच साठवणाऱ्या प्रमाण पद्धतीची, भर घालायला हवी. ब्लॉगर १९९९ चं असलं तरी मराठीत ब्लॉग रुजायला आणखी काही वर्षं लागली, त्याचं कारण तांत्रिक होतं. तेव्हा प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा चिखल दिसायचा. शोधयंत्रालाही तो चिखलच दिसायचा, त्यामुळे मराठी शब्द टाकून काही सापडायचं नाही.

विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी वाचण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ची खूण करावी लागे, आणि त्यासाठी विंडोजची सीडी जवळ लागे. नेटकॅफेत ती कुठून असणार! खूण केली नसेल तर जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाऊन बसायची. सुरुवातीच्या मराठी ब्लॉगांवर ‘हा ब्लॉग नीट दिसत नसेल तर’ अशी सूचना कडेला असायची ती यासाठी. लोकांनी एकमेकांना हे शिकवलं आणि त्यातूनच आधीची ओळखपाळख झाली.

मांजराकाठची

लेख एकाने लिहायचा आणि खालच्या प्रतिक्रियांनी तो पुरा करायचा, ही सवय मला फार महत्त्वाची वाटते. येळवशीचं उदाहरण घ्या. मार्गशीर्षातली दर्शवेळ अमावस्या, शेतात जाऊन करायचा सण. लातूर-धाराशिवकडं लई जोरात, आजूबाजूच्या तालुक्यांतही. पुस्तकात तिच्यावर फार तर दोन ओळी मिळतील. ब्लॉगवर एकाने कडब्याची कोप (खोप), आत पांडव म्हणून पुजलेले दगड, आंबिल, उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), भज्जी (मिसळीची भाजी) असं लिहिलं की खाली सुरू: आमच्याकडं भज्जीचा आंबटपणा चिंचेचा, आमच्याकडं ताकाचा. ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ ही आरोळी कोणत्या गावात कशी देतात, तेही लोक सांगतात. गावागावांतले हे फरक नोंदवून ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

पण पाककृती लिहिणाऱ्यांनी माप आणि बिघाड दोन्ही लिहावेत. आंबिलीसाठी नुसतं ‘ज्वारीचं पीठ ताकात आंबवा’ म्हणून भागत नाही. १ वाटी पीठ २ वाट्या ताकात रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी ४ वाट्या पाण्याला उकळी आणून मीठ, ठेचलेला लसूण, जिरं घालायचं आणि आंबवलेलं पीठ बारीक धारेने ओतत एका हाताने ढवळत राहायचं. पीठ एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, त्या मग मोडत नाहीत. थंडीत एका रात्रीत आंबत नसेल तर भांडं चुलीच्या उबेला ठेवायचं. थंड झाल्यावर घट्ट झालं तर वरून ताक. आणि गाव-तालुका लिहा. ‘मराठवाडी पद्धत’ असं नुसतं लिहिलं की आठही जिल्हे एका पातेल्यात गेले.

बोलीचंही तसंच. ‘काय करायलास’ नि ‘काय करूलालास’ हे छापील मजकुरात शुद्धलेखन तपासणारे बदलून टाकायचे. ब्लॉगवर ते जसंच्या तसं उमटलं.

काळी माती

शेतीच्या बाजूने तारखेचा मुद्दा सांगतो, कारण इथं चूक झाली तर पीक जातं.

तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी एके काळी एंडोसल्फान सर्रास सांगितलं जायचं. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या उत्पादन, विक्री आणि वापरावर बंदी घातली. समजा २००९ ची एक ब्लॉगपोस्ट आहे. ब्लॉगवर वाचली तर वर तारीख दिसते, खाली कुणीतरी ‘आता बंदी आहे’ असं लिहिलेलं असतं. तोच मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर फिरवला की तारीख गेली, नाव गेलं, खालची दुरुस्तीही गेली. वाचणाऱ्याला तो आजचा सल्ला वाटतो.

निंबोळी अर्काचंही सांगतो. ५ टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून साधारण ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या. १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा विरघळवायचा. सकाळी अर्क दुहेरी फडक्यातून गाळून त्यात साबणाचं पाणी मिसळायचं आणि एकूण द्रावण १०० लिटर करून त्याच दिवशी फवारायचं. नीट गाळलं नाही तर पंपाचं नोझल तुंबतं. आता यातली ‘एकूण १०० लिटर’ ही ओळ पुढे पाठवताना गळाली, तर माणूस १० लिटरचं द्रावण तसंच फवारणार, म्हणजे दहापट तीव्र. फिरत्या मजकुरात कापली जाते ती बहुतेक शेवटचीच ओळ.

म्हणून शेतीवर लिहिणाऱ्यांना विनंती. लेखाच्या पहिल्या दोन ओळींत गाव, तालुका, जमिनीचा प्रकार, वाण, पेरणीची तारीख, कोरडवाहू की बागायती हे लिहा. ‘तुरीची बीडीएन ७११ लावली, छान आली’ यातून परभणीच्या भारी जमिनीवाल्याला आणि आष्टीच्या मुरमाड रानवाल्याला सारखाच अर्थ लागतो, तो लागू नये. जुना सल्ला चुकीचा ठरला तर लेख उडवू नका. वरच तारखेसह टीप द्या: अमुक औषधावर अमुक दिवसापासून बंदी, खालचा मजकूर नोंदीपुरता. लेख उडवला की चुकीचा मजकूर बाहेर फिरतच राहतो, त्याला खोडून काढणारा पत्ता मात्र नाहीसा होतो.

तेरचा प्रवासी

वरचं सगळं पटतं, पण व्हॉट्सॲपला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. ब्लॉगच्या भराच्या काळात लिहीत कोण होतं? ज्यांच्याकडे संगणक होता, टंकलेखन येत होतं, ते. त्यात पुण्या-मुंबईला किंवा परदेशात नोकरीला गेलेले बरेच. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि आपल्या तालुक्यांत माणसं थेट मोबाइलवरच आली. संगणकाचा टप्पा त्यांनी पाहिलाच नाही. बचत गटातली बाई, ऊसतोडीवर गेलेलं पोरगं आवाज रेकॉर्ड करून बोलतं, व्हिडिओ काढतं. ब्लॉगने संपादकाची परवानगी काढून टाकली खरी, पण कीबोर्डची अट ठेवली होती. ती मोबाइलने काढली. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचा मान राखूनच बोललं पाहिजे.

बालाघाटी

मान्य. पण पोचवणं आणि साठवणं ही दोन कामं वेगळी आहेत. व्हॉट्सॲप पोचवण्यात पटाईत. व्हिडिओत माणूस बोलतो ते छान, पण १४ मिनिटांच्या व्हिडिओतलं एक माप तीन वर्षांनी शोधायचं कसं? अफवा आवरायला २०१८ मध्ये भारतात एका वेळी ५ गप्पांपुरतंच पुढे पाठवण्याचं बंधन आलं, २०२० मध्ये फार फिरलेल्या मजकुरासाठी ते एकावर आणलं. त्याने वेग कमी झाला. मूळ लिहिणाऱ्याचं नाव मात्र परत आलं नाही.

करता येण्यासारखं असं: मजकूर ब्लॉगवर पुरा ठेवा, गटात त्यातले दोन परिच्छेद आणि दुवा टाका. नाव लेखाच्या तळाशी नको, तिथून ते सहज कापलं जातं. गावाचं नाव, महिना-वर्ष आणि स्वतःचं नाव मधल्या एखाद्या वाक्यातच गुंफा. माउसची उजवी कळ बंद करण्याचे कोड लावत बसू नका. मोबाइलवर त्याने काहीच अडत नाही, उलट अंध वाचकांच्या वाचन-सॉफ्टवेअरला त्रास होऊ शकतो.

आवाजाची फीत असेल तर ती ब्लॉगवर लावा आणि खाली निदान गोषवारा लिहा: कोण बोलतंय, कुठलं गाव, कितव्या मिनिटाला काय. तेरच्या प्रवाशांनी सांगितलेल्या बायकांचा आवाज मग शोधातही सापडेल.

हिंगोलीचा नवखा

नमस्कार. एका बंद पडलेल्या अंकाचा मजकूर पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आहे, श्रीलिपी या जुन्या फाँटातला. तो ब्लॉगवर चढवायचाय. नुसता चिकटवला तर चिन्हंच दिसायलीत. पुन्हा टंकन करायचं का?

गोदाकाठ

भाऊ, पुन्हा टंकन नको. आधी कारण समजून घ्या, म्हणजे तपासणी सोपी जाईल. जुने फाँट अक्षराचं चित्र साठवतात आणि ते डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. ‘अर्थ’मधला रफार थ च्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: क आणि मग वेलांटी, र् आणि मग थ. रूपांतर करणाऱ्याला अक्षरं बदलावी लागतात आणि क्रमही. गडबड होते ती या क्रमात.

पहिल्यांदा फाँटचं नेमकं नाव बघा. श्रीलिपीचेही वेगवेगळे संच आहेत, त्यांचे तक्ते जुळत नाहीत. त्या संचासाठी चालणारा रूपांतरक निवडा आणि आधी एकच पान करून पाहा. पानात इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ते असतील तर ते आधी बाजूला काढून जागी खूण ठेवा. मराठीची चिन्हंही रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असल्याने रूपांतरकाला दोन्हींतला फरक कळत नाही, इंग्रजी मजकुराचीही तो देवनागरी भेळ करतो.

रूपांतर झालं की तपासायच्या जागा ठरलेल्या: रफार, पहिली वेलांटी असलेली जोडाक्षरं (‘स्थिती’, ‘शक्ति’सारखी), ‘दऱ्या’-‘वाऱ्या’तला ऱ्य, ळ, अवतरणचिन्हं, आकडे. सारखी एकच चूक दिसली तर लिबरऑफिसमध्ये शोधा-बदला वापरून सगळ्या फायलीत एकदाच सुधारा. शेवटी छापील अंक शेजारी ठेवून एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. याला पर्याय नाही.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे उमटतं. अ ला चंद्र जोडून, किंवा २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत आलेलं एकसंध अक्षर. दिसायला सारखी, संगणकाला वेगळी. ‘ॲसिड’ शोधलं तर दुसऱ्या प्रकारचं सापडेलच असं नाही. सगळ्या अंकात एकच रूप ठेवा. तसंच ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी निवडा. फाँटात सोय असेल तर त्यामुळे मराठी वळणाचे ल आणि श दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

हिंगोलीचा नवखा

लई आभार. आणि लेखाचा पत्ता? ब्लॉगरवर सगळ्या लेखांचे पत्ते ‘ब्लॉग-पोस्ट’, ‘ब्लॉग-पोस्ट_१२’ असेच होतायत.

गोदाकाठ

ब्लॉगर शीर्षकातली फक्त रोमन अक्षरं आणि आकडे पत्त्यासाठी घेतं. शीर्षक पूर्ण मराठी असेल तर हाती काहीच उरत नाही, मग ते ‘ब्लॉग-पोस्ट’ असं नाव देतं. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक (लेखाचा कायमचा पत्ता) उघडा, स्वतःचा पत्ता द्यायचा पर्याय निवडा आणि रोमन लिपीत दोन-तीन शब्द लिहा: गाव, विषय. हे आधीच करायचं. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता तसाच बदलता येत नाही.

वर्डप्रेसवर उलट अडचण. तिथं पत्ता देवनागरीत होतो, पण आतून प्रत्येक अक्षर-चिन्हाचे टक्केचिन्हांसह नऊ वर्ण बनतात आणि पत्त्याची मर्यादा २०० वर्णांची. म्हणजे साधारण २२ चिन्हं झाली की पत्ता मध्येच तुटतो, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. दुवा गटात टाकला की ओळीच्या ओळी टक्केचिन्हं. तिथंही छोटा रोमन पत्ता बरा.

खडू-फळा

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या ब्लॉगांचा विषय कुणीच काढला नाही! २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्या सुमाराला आपल्याकडच्या कितीतरी गुरुजी-बाईंनी ब्लॉग काढले: शासन निर्णय, सरल या शासनाच्या शाळा-विद्यार्थी नोंदणीत माहिती कशी भरायची, कवितांच्या चाली, चाचण्या. तालुक्याला न जाता तांड्यावरच्या शाळेत कागद मिळू लागला. शिक्षकांचं आपसातलं नातंच त्याने बदललं; माहिती वरून खाली येण्याची वाट बघणं कमी झालं.

आता त्या ब्लॉगांवर गेलं तर फायली उघडत नाहीत, ‘परवानगी मागा’ असं येतं. कारण बहुतेक फायली गूगल ड्राइव्हवर. सप्टेंबर २०२१ मध्ये गूगलने सुरक्षेचा बदल केला, त्यात काही जुन्या दुव्यांना आणखी एक किल्ली लागू लागली. मालकाने ड्राइव्हमध्ये फाइलवर जाऊन ‘दुवा असलेल्या कुणालाही’ हा पर्याय तपासावा, नवा दुवा घ्यावा आणि लेखातला जुना बदलावा. शासन निर्णयाचा सांकेतांक लेखात लिहिलेला असेल तर फाइल गेली तरी शासनाच्या संकेतस्थळावरून ती परत मिळते. म्हणून सांकेतांक आणि दिनांक लिहायचाच.

दुसरं, ज्यांनी कडेला ‘ईमेलने लेख मिळवा’ असा चौकोन ठेवलाय तो बहुधा मेलेला आहे. फीडबर्नरची ईमेल सेवा २०२१ मध्ये बंद झाली. वाचक पत्ता भरतात, त्यांना काही येत नाही. काढून टाका.

तेरचा प्रवासी

यावरून प्रतिक्रियांचंही सांगतो. २०१३ मध्ये ब्लॉगरने गूगल प्लसच्या प्रतिक्रिया जोडायची सोय दिली होती. ज्यांनी ती चालू केली त्यांच्या लेखांखालची चर्चा गूगल प्लस २०१९ मध्ये बंद झालं तेव्हा गेली. मूळ ब्लॉगरच्या प्रतिक्रिया टिकल्या. त्याच २०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर बंद झालं. त्याने एका ठिकाणी पन्नास ब्लॉग वाचायची सवय मोडली आणि लोक फेसबुकवर चर्चा करू लागले. लेख इथं, बोलणं तिथं. आजही फीडली, इनोरीडर आहेत. ब्लॉगरच्या पत्त्यापुढे ‘फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट’ असे तीन शब्द तिरक्या रेघांनी जोडले की फीड, म्हणजे नवे लेख आपोआप पोचवणारा पत्ता, मिळतं.

शिलालेख, मंदिरं, बारवा यांवर लिहिणाऱ्यांना एक विनंती. फोटोत मोजपट्टी ठेवा, फोटोची तारीख लिहा, वाचन ओळीगणिक द्या आणि जिथं अक्षर लागलं नाही तिथं तसं सोडा. फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने चढवा. विकिपीडिया स्वतः काढलेला ब्लॉग संदर्भ म्हणून सहसा मानत नाही, पण फोटो वापरता येतो, आणि ब्लॉग गेला तरी तो राहतो.

बालाघाटी

एकाच घरी सगळं ठेवू नये याला जुना दाखलाही आहे. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारने मोजकी संकेतस्थळं बंद करायला सांगितली, पण काही इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच अडवलं. काही दिवस सगळ्यांचेच ब्लॉग दिसेनात.

तेव्हा प्रत साठवायची पद्धत लिहून ठेवतो. ब्लॉगर: सेटिंग्ज, ब्लॉग व्यवस्थापन, मजकुराचा बॅकअप, एक्सएमएल फाइल उतरते. तिच्यात लेख, पाने, प्रतिक्रिया येतात. चित्रं येत नाहीत, त्यांचे फक्त दुवे येतात. चित्रं वेगळी उतरवा. मांडणीची प्रत थीमच्या पानावरून वेगळी घ्यावी लागते. वर्डप्रेस: साधने, निर्यात, तिथंही चित्रं वेगळीच. फाइल दोन ठिकाणी ठेवा, पैकी एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क. महत्त्वाचे लेख वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या संकेतस्थळाच्या ‘सेव्ह पेज’ चौकोनात पत्ता टाकून जतन करा. वर्षातून एकदा, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी हे काम ठेवलं तर विसरायला होत नाही.

हिंगोलीचा नवखा

शेवटचा प्रश्न. अंकाचा ब्लॉग एकाच माणसाच्या खात्यावर काढला तर पुढं अडचण येईल का? त्यांचं वय झालंय.

खडू-फळा

येईल. शाळांच्या ब्लॉगांचं नेमकं हेच झालंय. मुख्याध्यापकांची बदली झाली, मोबाइल नंबर बदलला, खात्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. त्यात २०२३ पासून गूगलचा नियम आहे की दोन वर्षं न वापरलेलं खाते ते काढून टाकू शकतात.

पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये परवानग्या या भागात जाऊन आणखी दोघांना लेखक म्हणून निमंत्रण पाठवा. त्यांनी ईमेलमधून ते स्वीकारलं की त्यांच्या नावापुढे लेखकाऐवजी प्रशासक करा. नुसतं लेखक ठेवलं तर ते स्वतःचेच लेख हाताळू शकतात, बॅकअपसुद्धा घेता येत नाही. निमंत्रण काही काळाने संपतं, म्हणून त्यांना फोन करून लगेच स्वीकारायला लावा.

आणि त्या ज्येष्ठांच्या गूगल खात्यात ‘निष्क्रिय खाते व्यवस्थापक’ ही सोय उघडून मुदत ठरवून द्या: ३, ६, १२ किंवा १८ महिने. एवढा काळ खाते वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं आणि काय सुपूर्द करायचं ते तिथं भरता येतं, दहा जणांपर्यंत. त्यांच्या शेजारी बसून, त्यांना विचारूनच भरा.